माडीवरच्या काकूंचा पंधरवडा

घटस्थापनेच्या दिवशी देवघरातलं आटपलं की मी लोकरीची पिशवी काढून बसते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं, घरात पंखा चालू असतो, आणि अशा उकाड्यात मांडीवर लोकर घेतलेली बाई बघून येणाऱ्याजाणाऱ्याला नवल वाटतं. स्वेटरची आठवण माणसाला थंडी वाजायला लागल्यावर होते. मलाही पूर्वी तेव्हाच व्हायची. घट बसले की टाके घालायचे आणि तुळशीच्या लग्नाच्या आत कपडा पुरा करून घडी घालायची, हा नेम आमच्या वाड्यातल्या माडीवरच्या काकूंचा. तो मी त्यांच्याकडून उचलला खरा, पण त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

वाड्यात तीन काकू होत्या. एक खालच्या, एक विहिरीजवळच्या आणि एक माडीवरच्या. माडीवरच्या काकू आमच्याकडे आल्या त्या पुरानंतर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली शेकडो घरं त्या पाण्यात गेली. त्यांत काकूंचं दोन खोल्यांचं बिऱ्हाडही गेलं. आमचा वाडा उंचावर होता. माझ्या आजोबांनी माडीवरची खोली त्यांना दिली. चिखलातून काढलेली एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी तपेली आणि शेजारणीने परत आणून दिलेल्या विणकामाच्या सुया, एवढ्यावर त्यांनी नवा संसार मांडला. काका पुढे चार-पाच वर्षांत गेले. मूलबाळ नव्हतं. तुळशीबागेजवळच्या एका दुकानासाठी काकू बाळंतविड्याचे सेट विणून द्यायच्या. स्वेटर, टोपडं आणि मोजे मिळून एक सेट. त्यावर त्यांचं घर चालायचं.

मला त्या दिसायच्या त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या. उजेड तिथे चांगला यायचा. लोकरीचा गुंडा शेजारी पितळी तपेलीत ठेवलेला असायचा, म्हणजे तो घरंगळत नाही आणि पांढऱ्या लोकरीला धूळ लागत नाही. धागा ओढला गेला की गुंडा आत गोल फिरायचा आणि तपेलीच्या काठाला अगदी हलका आवाज व्हायचा. वाड्यात दुपारी सगळे झोपलेले असताना तो आवाज खाली आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा.

सातवीत असताना मी त्यांच्याकडे शिकायला गेले. खरं म्हणजे आईने पाठवलं. पहिले आठ दिवस त्यांनी माझ्या हातात सुया दिल्याच नाहीत. जुने स्वेटर उसवून त्यांच्या लड्या करायच्या, त्या धुवून, खाली जड लाटणं बांधून वाळवायच्या, म्हणजे धाग्यातली वेटोळी जातात. मग मी दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि काकू तिचा गुंडा करायच्या. "हात पुढे कर, बाळ, आणि मनगट सैल सोड," एवढंच त्या म्हणायच्या. मला कंटाळा यायचा. आता वाटतं, धागा हाताला कसा लागतो, कुठे ताणतो आणि कुठे सैल पडतो, हे माझ्या हातांना त्याच आठ दिवसांत कळलं. मला ते कळत नव्हतं, हातांना कळत होतं.

पुढे सुलट-उलट आलं, टाके वाढवणं-घटवणं आलं, आणि मला वाटलं की विणकाम आलं. माझा एक दोष तेव्हापासूनचा. मला सुरुवात करायला आवडायचं. नवा रंग, नवा गुंडा, पहिल्या चार इंचांचा उत्साह. पाठ होईपर्यंत तो टिकायचा, पुढच्या बाजूला ओसरायचा आणि बाह्या आल्या की मला दुसराच नमुना खुणावायला लागायचा. जोडणं, टोकं लपवणं, गळ्याची पट्टी, बटणं या सगळ्याला मी 'राहिलेलं किरकोळ' म्हणायची. काकू त्याला 'शेवटचं काम' म्हणायच्या आणि त्यासाठी पंधरवडा राखून ठेवायच्या. नवरात्रात पाठ, दिवाळीच्या फराळाला हात लागण्याआधी पुढची बाजू आणि बाह्या, आणि पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस निव्वळ शेवटच्या कामाचे. विणायला महिना लागतो तर पुरं करायला पंधरवडा द्यायला नको का, असं त्यांचं गणित होतं. तेवढ्या काळात त्या दुसऱ्या कशाचेही टाके घालत नसत.

१९७४ साली, मी आठवीत असताना, शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी बाळाचा स्वेटर विणायला घेतला, पिवळ्या रंगाचा. नेहमीप्रमाणे सगळे तुकडे विणून झाले आणि पुढे सरकेना. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी ते तुकडे घेऊन माडीवर गेले आणि रडायला लागले. काकूंनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "जा, जेव आणि झोप." सकाळी जिन्याच्या पायरीवर पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला स्वेटर होता. शिवणी जुळलेल्या, गळ्याला पट्टी, तीन शिंपल्याची बटणं, आणि आत एकही टोक लोंबत नव्हतं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी सगळ्यांसमोर स्वेटर उलटा करून दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, उलटी बाजू किती स्वच्छ आहे." मी मान खाली घालून उभी होते. लोकांना तो विनय वाटला असेल.

त्या दिवशी काकू शाळेत आल्या होत्या. स्वेटरसमोर उभ्या राहिल्या, माझ्या नावाचं कार्ड वाचलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. मी बाईंना काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला होता. त्यावर माझं नाव कोरलेलं होतं.

कॉलेजच्या वर्षांत विणकाम सुटलं. त्या सुमारास थंडीच्या तोंडावर तिबेटी स्वेटरवाले पुण्यात येऊ लागले होते. त्यांच्याकडे एका दुपारी हवा तो रंग आणि हवं ते माप मिळायचं. महिना-दीड महिना खपून एक कपडा करायचा कशाला, असं मी काकूंना एकदा तोंडावर विचारलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही. सुईवरचे टाके मोजत होत्या, ते मोजून झाल्यावर म्हणाल्या, "चहा घेशील?"

१९८१ साली नोकरी लागली. पहिल्या पगाराचं काहीतरी बाबांना द्यायचं म्हणून मी हाफ स्वेटर विणायला घेतला. डिसेंबर उजाडला होता, घाई होती. कॅशमिलॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, राखाडी लोकर आणली, अंदाजाने टाके घातले आणि तीन आठवड्यांत कपडा उभा केला. गळ्याचे टाके आवळून बंद केले, कारण सैल सोडले तर ढिला दिसेल असं वाटलं. शिवणी उलटटीप घालून, दिसतील तशा शिवल्या. आणि शेवटी तो छान सपाट दिसावा म्हणून त्यावर गरम इस्त्री फिरवली. ज्यांनी कॅशमिलॉनवर इस्त्री फिरवली असेल त्यांना पुढचं ठाऊक आहे. वीण मेल्यासारखी झाली. खालच्या बॉर्डरचा सगळा ताण गेला आणि ती झालरीसारखी लोंबायला लागली.

बाबांनी तो घातला. रोज पहाटे दूध आणायला जाताना घालायचे. मला कौतुकच वाटत होतं. आठ-दहा दिवसांनी काकूंनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, "बाबांना तो स्वेटर डोक्यातून काढताना बघितलं आहेस कधी?" मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघितलं. गळा इतका आवळ होता की तो कानांवरून ओढून काढावा लागत होता. कान लाल झाले होते आणि मानेच्या मागे, जिथे मी खांद्याची शिवण गाठ मारून संपवली होती, तिथे कातडी घासून पुरळ उठलं होतं. ते एक शब्द बोलले नव्हते. मुलीच्या पहिल्या पगाराची वस्तू.

मी तो स्वेटर घेऊन माडीवर गेले. काकू कुठलाही कपडा आधी उलटा करून बघायच्या, तसा त्यांनी तो उलटा केला. बराच वेळ बोटं फिरवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "हा आता सुधारायचा नाही. लोकर भाजली, ती परत जिवंत होत नाही. पुढच्या घटस्थापनेला ये. नवा घालू."

मी वर्षभर थांबले. माझ्या विणकामाचा खरा जन्म मी त्या १९८२ च्या शरदापासून धरते.

आधी मी विचारलं, टाके घटस्थापनेलाच का? काकूंनी कारणं सांगितली आणि ती सगळी व्यवहाराची होती. श्रावण-भाद्रपदात हवा दमट असते, लोकर ओल धरते, तिला वास येतो. पाऊस सरला की ट्रंका उघडायच्या, लोकरीला उन्हं दाखवून ती झटकायची, कसर लागली आहे का पाहायचं. शरदातला उजेड स्वच्छ असतो, रंग निवडायला त्यासारखा दुसरा नाही. ऑक्टोबरची दुपार विणकामाला वाईट, तळव्यांना घाम येतो आणि धागा सुईला चिकटतो. म्हणून दुपारी दोन ते पाच सुया खाली ठेवायच्या. आणि मुख्य म्हणजे कार्तिक लागेपर्यंत हवा कोरडी होते. धुतलेला स्वेटर आडवा पसरून सावलीत दीड दिवसात वाळतो. पावसाळ्यात तोच तीन-तीन दिवस ओला राहतो आणि कुबट होतो. थंडी पडायच्या आधी कपडा अंगावर तयार हवा, हे तर होतंच.

मग वानगी. काकू नमुन्याच्या तुकड्याला वानगी म्हणायच्या. मी चार प्लायची शुद्ध लोकर आणि दहा नंबरच्या सुया घेतल्या होत्या. हातभर विणून झाल्यावर त्यांनी तुकडा बंद करायला लावला, धुवायला लावला, वाळवायला लावला आणि तेव्हाच पट्टी हातात दिली. इंचात सात टाके बसायला हवे होते. माझे साडेसहा बसत होते. "अर्ध्या टाक्याने काय होतंय?" असं मी म्हणाले. त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. बाबांची छाती छत्तीस, सैलपणा दोन इंच, म्हणजे पाठ एकोणीस इंच. साताने गुणलं की एकशे तेहतीस टाके. तेच एकशे तेहतीस टाके साडेसहाच्या हाताने विणले तर पाठ साडेवीस इंच होते, पुढची बाजूही तेवढीच, म्हणजे स्वेटर तीन इंचांनी मोठा. अर्ध्या टाक्यात अख्खा माणूस बदलतो, असं त्या म्हणाल्या. मी सुया बदलून अकरा नंबरच्या घेतल्या आणि दुसरी वानगी विणली. इंचात सात बसले.

त्या वर्षी दिवाळीचा पाडवा झाला आणि आम्ही शेवटच्या कामाला बसलो. ती संध्याकाळ मला आत्ताही दिसते. काकूंनी चटईवर पाठ आणि पुढची बाजू शेजारी शेजारी ठेवली, सुलट बाजू वर करून. मी आजवर नेहमी उलटी बाजू वर ठेवून शिवत आले होते. "आत बघू नकोस, बाहेर बघ," त्या म्हणाल्या. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्यामध्ये त्यांनी बोटाने वीण जरा ताणली. आत आडव्या काड्या दिसल्या, एकावर एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. जाड नाकाची, बोथट टोकाची सुई घेऊन त्यांनी या बाजूची एक पायरी उचलली, मग त्या बाजूची एक, मग पुन्हा या बाजूची. धागा अजून ओढला नव्हता. दोन काठांमध्ये त्याची मोकळी नागमोडी दिसत होती. आठ-दहा पायऱ्या झाल्यावर त्यांनी एका हाताने काठ धरले आणि धागा सावकाश ओढला. दोन्ही काठ एकमेकांकडे वळले, आत गेले आणि वर टाक्याला टाका मिळाला. शिवण कुठे आहे हे मला बोट ठेवून सांगता येईना.

मी नुसती बघत राहिले. मग त्यांनी सुई माझ्या हातात दिली.

पुढचे दहा दिवस रोज एक-एक गोष्ट. गळ्याचे टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्यायची, म्हणजे कड सैल राहते आणि डोकं सुखाने बाहेर येतं. पट्टीसाठी कडेचे टाके उचलताना दर चार ओळींमागे तीनच उचलायचे, चार उचलले तर पट्टीला लाटा येतात. नवा गुंडा नेहमी ओळीच्या सुरुवातीला जोडायचा आणि वीतभर टोक ठेवायचं. ते टोक शिवणीच्या मायेत दोन इंच एका दिशेने ओवायचं आणि मग वळवून इंचभर माघारी. लोकर लोकरीला धरून ठेवते, पण कॅशमिलॉन गुळगुळीत, माघारी ओवलं नाही तर दोन धुण्यांत टोक बाहेर येतं. शेवटी कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून धुवायचं, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं. मग जुन्या चादरीवर मापाला सारखं करून कडेने टाचण्या लावायच्या. बॉर्डरला मात्र टाचणी लावायची नाही, ती आपली आपण आवळून बसू द्यायची.

त्याच दिवसांत एकदा त्यांनी मोज्यांची गोष्ट सांगितली. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणायला घेतले. पुढच्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यामुळे इकडे आपल्या लोकांना ते युद्ध आणखीच घरचं वाटायला लागलं होतं. काकूंना पुरातून बाहेर येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. दुकानाचं काम बाजूला ठेवून त्यांनी त्या थंडीत मोजे विणले. त्या म्हणाल्या, "पानशेतच्या रात्री जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली होती गं. आम्ही वाचलो त्यात त्यांचा वाटा आहे. ते फेडायला मला दुसरं काय येत होतं?"

मोज्याच्या टोकाला त्या शिवण घालत नव्हत्या. दोन सुयांवरचे टाके समोरासमोर धरून शिवायच्या सुईने मधे एक नवी ओळच विणत जायची. जोड डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला लागत नाही. त्या ह्याला बिनशिवणीचा जोड म्हणायच्या. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की इंग्रजीत ह्या टाक्याला लॉर्ड किचनरचं नाव आहे. हा गृहस्थ १९०२ ते १९०९ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री. सैनिकांच्या मोज्यांमुळे त्याचं नाव ह्या टाक्याला चिकटलं. मला काकूंचंच नाव जवळचं वाटतं. "बुटात शिवण टोचली की पायाला फोड येतो," त्या म्हणाल्या, "आणि बर्फात फोड आला की पाय जातो."

बाबांचा तो दुसरा स्वेटर बाबांनी सोळा थंड्या वापरला. कोपरांना दोनदा रफू करावं लागलं. शिवणी मात्र एकदाही उसवल्या नाहीत.

एवढं होऊनही शेवटचं काम म्हणजे काय, हे मला पुरतं कळलं नव्हतं. मी त्याला सुबकपणा समजत होते. ते कळलं १९८६ मध्ये. माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली, पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीतून बाहेर आली तरी तिचं डोकं सारखं गार पडायचं. काकू साठी ओलांडलेल्या होत्या. त्या रात्रभर बसल्या आणि सकाळी रिक्षा करून दवाखान्यात टोपडं घेऊन आल्या. माझ्या मुठीवर बसेल एवढं. चार सुयांवर गोल विणलेलं, कुठेही शिवण नव्हती. मी ते हातात घेतलं आणि गोंधळले. ज्या बाईने जन्मभर एक टोक बाहेर दिसू दिलं नव्हतं, तिने टोकं ओवली होती ती बाहेरच्या बाजूला. उलटी खरखरीत वीण बाहेर होती आणि सुलट, मऊ बाजू आत.

"उलटं झालं का हो, काकू?" मी विचारलं.

"बरोबर आहे ते. तिच्या कानामागे काही लागायला नको. बाहेरून कुणी बघू दे की."

मी त्या खाटेवर पडून खूप वेळ ते टोपडं हातात धरलं. शाळेतल्या बाईंनी कौतुक केलं होतं ते स्वच्छ उलट्या बाजूचं. मीही इतकी वर्षं तेच धरून बसले होते, की कुणी उलटून पाहिलं तर नाव ठेवू नये. काकूंच्या मनात बघणारा माणूस कधी नव्हताच. कपडा ज्याच्या अंगाला लागणार, तो होता. दुकानातलं निनावी बाळ, बर्फातला जवान, माझे बाबा, माझी मुलगी. टोक आत घ्यायचं की बाहेर, ते त्यावर ठरायचं.

माझ्या नोकरीबद्दल इथे फार लिहिण्यासारखं नाही. हिशेबाच्या खात्यात होते. फायली नव्वद टक्के करून बाजूला ठेवण्याची माझी खोड वरिष्ठांना ठाऊक होती. ती त्या वर्षानंतर हळूहळू गेली. निवृत्तीवेतनाच्या कागदावर एक सही राहिली तर कुणा म्हाताऱ्या माणसाला परत हेलपाटा पडतो, हे मला तोवर समजायला हवं होतं. समजलं ते टोपड्यामुळे.

१९९४ ला वाडा पाडला आणि त्या जागी इमारत उभी राहिली. काकूंना भाडेकरू म्हणून तळमजल्यावर एक खोली मिळाली, पण आम्ही सगळे त्यांना माडीवरच्या काकूच म्हणत राहिलो. बोटांचे सांधे सुजायला लागले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. टाके त्या न बघता विणत, पण टोकं ओवायला नजर लागते. मग घटस्थापना ते दिवाळी त्या विणायच्या आणि पाडव्यापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन शेवटचं काम करायची. काम झालं की त्या कपडा उलटा करून शिवणीवरून बोटं फिरवायच्या. कुठे अडली बोटं तर थांबायच्या. काही बोलायच्या नाहीत. मी तेवढं उसवून परत करायची.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांच्याशी त्या बक्षिसाबद्दल बोलले. वीस-बावीस वर्षं मनात होतं. म्हणाले, काकू, तो स्वेटर तुम्ही पुरा केला होता आणि मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. तुम्ही समोर उभ्या होतात तरी सांगितलं नाही. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पिवळा ना? त्याच्या डाव्या मुंढ्यात तुझा एक टाका सुटला होता. खालपर्यंत धाव गेली होती. तो मी उचलून घेतला, ते तुला सांगायचं राहिलं." एवढंच. माझ्या चुकीवर त्या काहीच बोलल्या नाहीत. सांगायचं राहिलं ते त्यांच्याकडूनच, असा त्यांचा सूर होता.

२००३ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. नवरात्र होऊन गेलं होतं. त्यांच्या भाच्याने मला पिशवी आणून दिली. आत लहान मुलीचा गडद निळा स्वेटर होता. पाठ, दोन पुढचे भाग आणि उजवी बाही पूर्ण. डावी बाही सुईवर. इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीसाठी तो चालला होता, दरवर्षी त्या कुणा ना कुणासाठी असा एक करायच्या. मी बाही पुढे विणायला घेतली आणि सात-आठ ओळींनंतर थांबले. त्यांचा हात घट्ट, माझा सैल. जिथे त्यांचं संपून माझं सुरू झालं ती ओळ स्पष्ट दिसत होती. मी माझ्या ओळी उसवल्या, एक नंबर बारीक सुई घेतली, वानगी विणली, धुतली, मोजली आणि मग पुढे गेले. तरी दोन ठिकाणी परत उसवावं लागलं. पाडव्यापासून रोज थोडं थोडं करत शेवटचं काम केलं. लहान मूल, बंद गळा कशाला, म्हणून त्यांनी पुढे बटणपट्टीची जागा सोडली होतीच. पट्टीच्या मागे फीत लावून बटणं बसवली, म्हणजे ओढाताणीत वीण फाटत नाही. काम झाल्यावर स्वेटर उलटा केला, डोळे मिटले आणि शिवणीवरून बोटं फिरवली. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी त्या मुलीने तो घातला.

काकूंच्या दहा नंबरच्या सुया आता माझ्याकडे असतात, त्या शाळेतल्या स्टीलच्या पेल्यात उभ्या. पेल्यावर माझं नाव आहे. १९७४ च्या प्रदर्शनातल्या पिवळ्या स्वेटरच्या शिवणी, गळ्याची पट्टी, बटणं आणि डाव्या मुंढ्यातला सुटलेला टाका, हे सगळं काम माडीवरच्या काकूंचं होतं. हे तेव्हाच बाईंना सांगायला हवं होतं. ते आज इथे लिहून ठेवते.